काम नसताना कोण जागं आहे?

पारगाव जुन्नर तालुक्यात आहे आणि आंबेगावातही आहे. एक आळ्याच्या बाजूचं, ज्याच्या नावापुढे 'तर्फे आळे' लागतं. दुसरं भीमाशंकर साखर कारखान्याचं, दत्तात्रयनगरचं. दोन्हीकडे ऊस, कांदा, टोमॅटो, दोन्हीकडे ठिबकच्या नळ्या आणि दोन्हीकडे 'या आठवड्यात लाईट दिवसा की रात्री?' ही चौकशी. त्यामुळे या भागातल्या एखाद्या आठवी-नववीच्या पोराला इलेक्ट्रॉनिक्सचा नाद लागला, की पहिला प्रकल्प ठरवायला फार डोकं खाजवावं लागत नाही. जमिनीत ओल किती आहे ते मोजायचं आणि रान सुकलं की दिवा लावायचा. आर्डुइनो उनोचं एक बोर्ड, मातीत खुपसायचा दोन दातांचा सेन्सर, एक एलईडी आणि नऊ व्होल्टची ती चौकोनी बॅटरी. विज्ञान प्रदर्शनाच्या टेबलावर हे सगळं झकास चालतं. पाहुणे येतात, कुंडीत पाणी ओततात, दिवा विझतो, कौतुक होतं.

मग कोणीतरी म्हणतं, 'आता हे कांद्याच्या वाफ्यात लावून दाखव.' संध्याकाळी लावलेलं यंत्र सकाळी मेलेलं असतं. पोरगं दुसरी बॅटरी आणतं. तीही जाते. तिसऱ्या वेळी घरातून आवाज येतो, 'पैसे झाडाला लागतात का?' आणि प्रकल्प माळ्यावर जातो.

यात बॅटरी बनावट नसते आणि पोराचं जोडकामही चुकलेलं नसतं. हिशेबच तसा आहे. नऊ व्होल्टच्या चांगल्या अल्कलाइन बॅटरीत साधारण ५०० मिलिअँपिअर-अवर साठा असतो, साध्या स्वस्तातल्या बॅटरीत त्याहून कमी. उनो बोर्ड काहीही न करता नुसतं चालू असलं तरी ४५ ते ५० मिलिअँपिअर ओढतं. पाचशेला पन्नासने भागा: दहा तास. संध्याकाळी सातला लावलं तर पहाटे पाचला खेळ खलास. सेन्सर आणि एलईडीचा खर्च धरला तर त्याही आधी.

आता हे पन्नास मिलिअँपिअर जातात कुठे, ते बघण्यासारखं आहे. विचार करणारी चिप, एटीमेगा ३२८पी, त्यातले जेमतेम दहा-पंधरा खाते. बोर्डावर आणखी एक चिप असते, तिचं काम संगणकाच्या यूएसबीशी बोलण्याचं. शेतात संगणक नाही, तरी ती कान देऊन बसलेली असते. 'चालू आहे' एवढंच सांगणारा एक छोटा दिवा जळत असतो. कांद्याच्या पातीला तो दिसून उपयोग नाही. आणि रेग्युलेटर. हा नऊ व्होल्टचे पाच करतो, पण मधले चार व्होल्ट उष्णता करून हवेत सोडतो. बॅटरीतून निघालेल्या दर नऊ भागांतले चार भाग इथेच गेले, म्हणजे सुमारे ४४ टक्के. शिवाय बॅटरी सात व्होल्टच्या खाली उतरली की त्याला पाच व्होल्ट नीट देता येत नाहीत, म्हणजे तळाशी उरलेली ऊर्जा हाती लागतच नाही. नऊ व्होल्टची बॅटरी आतून दीड व्होल्टच्या सहा बारक्या सेलची बनलेली असते. स्मोक अलार्मसारख्या अगदी कमी खाणाऱ्या यंत्रासाठी ती उत्तम आहे. आर्डुइनोच्या खोक्यासोबत तिची क्लिप देण्याची प्रथा कोणी पाडली कोण जाणे, पण शिकाऊ मुलांचा सगळ्यात जास्त हिरमोड त्या क्लिपने केला असेल.

बॅटरी संपली की पहिली सूचना येते ती मोठी बॅटरी लावण्याची. मोटारसायकलची लावा, पॉवर बँक लावा, वर सोलर पॅनल बसवा. चालतं, नाही असं नाही. पण वाफ्यातली ओल पंधरा मिनिटांत बदलत नाही. यंत्राला दर पंधरा मिनिटांनी एकदा, तेही सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यापुरतं काम आहे. उरलेली आठशे नव्व्याण्णव सेकंदं आणि वर ते काम नसताना जागं आहे, आणि बॅटरी त्या जागरणात जाते. तेव्हा बॅटरी किती मोठी हा प्रश्न नंतरचा. काम नसताना कोण कोण जागं आहे, हा आधीचा.

एटीमेगा ३२८पी या चिपला गाढ झोपवता येतं. त्या अवस्थेत तिचं घड्याळ थांबतं, हिशेब थांबतो, पण स्मृतीतले आकडे शाबूत राहतात. जागं करायला आत एक वेगळा छोटा टायमर असतो, वॉचडॉग. तो चालू ठेवून झोपवलं तरी चिप चार-सहा मायक्रोअँपिअरवर येते. मायक्रो म्हणजे मिलिचा हजारावा भाग. पन्नास मिलिअँपिअरच्या तुलनेत हा खर्च सुमारे दहा हजारांश आहे. वॉचडॉगची एक अडचण आहे: तो जास्तीत जास्त आठ सेकंदांनी उठवतोच. पंधरा मिनिटं झोपायचं असेल तर आठ-आठ सेकंदांच्या ११२ डुलक्या मोजायच्या, दर वेळी उठून 'झाल्या का ११२?' एवढंच विचारायचं आणि पुन्हा झोपायचं. हे उठणं इतकं क्षणिक असतं की त्याचा खर्च हिशेबात धरण्याजोगा नाही. या टायमरची वेळ थोडी मागेपुढे होते, पण पंधराऐवजी साडेसोळा मिनिटांनी मोजलं म्हणून कांदा रुसत नाही. आर्डुइनोसाठी 'लो-पॉवर' नावाची तयार लायब्ररी आहे, तिच्यात हे एका ओळीत होतं.

पण हीच ओळ उनोवर चालवली तर निराशा पदरी येते. चिप झोपते, बाकीचं घर जागंच. पन्नासाचे तीसेक होतात, तेवढंच. म्हणून शेतात जाणाऱ्या प्रकल्पाला उनो नको. त्याच चिपचं, यूएसबीची चिप नसलेलं प्रो मिनी नावाचं बोर्ड मिळतं; त्यातलं आठ मेगाहर्ट्झचं, ३.३ व्होल्टवालं घ्यावं. प्रोग्राम भरायला वेगळा यूएसबी अडॅप्टर लागतो, तो एकदा घेतला की वर्गातल्या सगळ्यांना पुरतो. या बोर्डावरचा 'चालू आहे' दिवाही झोपेत एक-दीड मिलिअँपिअर खात राहतो. इवलासा दिवा, पण झोपलेल्या चिपच्या दोनशे-तीनशे पट खर्च त्याचा. सोल्डरिंगची गन तापवून तो उपटून टाकायचा, किंवा त्याच्याकडे जाणारी तांब्याची रेघ ब्लेडने कापायची. रेग्युलेटरलाही हीच शिक्षा, कारण इथे त्याची गरज नाही: पेन्सिल सेल, म्हणजे डबल-ए मापाचे तीन अल्कलाइन सेल एकापुढे एक जोडले की नवेकोरे असताना पावणेपाच व्होल्टच्या आसपास मिळतात, आणि पार रिकामे होत आले की पावणेतीन. एवढ्या टप्प्यात ही चिप थेट, मध्यस्थाशिवाय चालते. सोबत ३.३ व्होल्टवर चालणारं रेडिओ मॉड्यूल वगैरे असेल, तर मात्र ही थेट जोडणी चालणार नाही, ते जळेल. मग अगदी कमी खाणारा रेग्युलेटर लागतो. एमसीपी १७०० हा स्वतःसाठी दोन मायक्रोअँपिअरही घेत नाही. बोर्डांवर सर्रास दिसणारा एएमएस १११७ पाचेक मिलिअँपिअर घेतो. दिसायला दोघंही तीन पायांचे काळे ठोकळे. दुकानात मागताना नंबर सांगून मागा.

आता सेन्सर. मातीत खुपसायच्या दोन दातांच्या सेन्सरमधून सतत वीज जात राहिली तर बॅटरी संपतेच, पण त्याहून वाईट गोष्ट जमिनीखाली घडते. ओली माती, त्यात खताचे क्षार आणि थेट वीजप्रवाह: हे विद्युत-अपघटनच झालं, शाळेच्या पुस्तकातलं. एका दाताचा धातू विरघळत जातो आणि काही दिवसांत सेन्सर खोटं बोलायला लागतो. उपाय दोन्हींवर एकच. सेन्सरची लाल वायर बॅटरीला न जोडता चिपच्या एका पिनला जोडायची. मोजायच्या वेळी ती पिन चालू, थोडं थांबायचं, वाचायचं, पिन बंद. चिपची पिन वीस मिलिअँपिअर आरामात देते आणि हे सेन्सर पाचेक मिलिअँपिअरचे गिऱ्हाईक. कपॅसिटिव्ह जातीचा सेन्सर घेतला तर गंजण्याचा प्रश्न बराच मिटतो, पण त्याला स्थिर व्हायला थोडा जास्त वेळ द्यावा लागतो. घाईत वाचलं तर कोरड्या मातीतही ओल दिसेल.

इथपर्यंत आलेली मुलं पुढे एका ठिकाणी हमखास अडकतात. सेल किती उतरले हे कळावं म्हणून दहा-दहा हजार ओहमचे दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज अर्धं करून वाचायची पद्धत आहे. साडेचार व्होल्टला या जोडीतून अहोरात्र २२५ मायक्रोअँपिअर वाहतात. म्हणजे बॅटरी किती उरली हे पाहण्याच्या व्यवस्थेनेच बाकी सगळ्या यंत्राच्या वीसपट खर्च केला. तिथे दहा-दहा लाख ओहमचे रेझिस्टर लावले की तोच प्रवाह अडीच मायक्रोअँपिअरच्या आत येतो. सोबत एक छोटा कपॅसिटर लावावा, म्हणजे वाचन हलत नाही. चिपमधला मोजणीचा भाग, एडीसी, झोपण्यापूर्वी बंद केला नाही तर तोही शंभर-दोनशे मायक्रोअँपिअर ओढत राहतो. कुठेच न जोडलेल्या पिना अधांतरी ठेवू नयेत, त्यांना चिपमधलाच पुल-अप रेझिस्टर लावून टाकावा.

दिव्याचं काय? रान सुकलं की एलईडी सतत पेटवायची गरज नाही. अंधारात लुकलुकणारा दिवा उलट लवकर नजरेत भरतो. दर आठ सेकंदांनी, चिप उठतेच आहे तेव्हा, वीस मिलिसेकंद एक मिलिअँपिअरने चमकवला तर सरासरी खर्च अडीच मायक्रोअँपिअर. बझर, रिले आणि एलसीडी हे मात्र खादाड. पाच व्होल्टच्या साध्या रिलेची कॉइल ओढून धरायला सत्तर मिलिअँपिअर लागतात, एलसीडीच्या मागचा निळा उजेड वीसेक खातो. एलसीडीचा मोह प्रदर्शनापुरता ठेवावा.

सगळं जमलं तर बेरीज अशी येते. झोपेत सहा-सात मायक्रोअँपिअर. दर पंधरा मिनिटांनी ०.२ सेकंद दहा मिलिअँपिअर, त्याची सरासरी २.२ मायक्रोअँपिअर. एकूण धरू दहा. पेन्सिल सेलचा साठा २००० मिलिअँपिअर-अवर धरला तर कागदावर उत्तर येतं दोन लाख तास, बावीस वर्षांहून जास्त. ते खरं मानू नका. सेल इतकी वर्षं टिकतच नाहीत. नुसते पडून राहिले तरी हळूहळू उतरतात, उन्हात तापणाऱ्या डब्यात अधिक वेगाने, आणि स्वस्तातले झिंक-कार्बन सेल फुटून आतलं रसायन बोर्डावर सांडतं. पण चाळीतला कांदा विकून पुढची लागवड होईपर्यंत सेल बदलावे लागणार नाहीत, हे नक्की.

हे सगळं प्रत्यक्ष मोजून बघितल्याशिवाय विश्वास ठेवण्यात अर्थ नाही, आणि मोजायला तो पिवळा स्वस्त मल्टिमीटर पुरतो. बॅटरीची एक वायर सोडवून मीटर मध्ये घालायचा. पण २००० मायक्रोच्या रेंजवर एक गंमत होते. या रेंजवर मीटरच्या आत सुमारे शंभर ओहमचा रेझिस्टर वाटेत येतो. झोपलेल्या चिपच्या पाच-दहा मायक्रोअँपिअरला तो जाणवत नाही. पण चिप उठली आणि पंधरा मिलिअँपिअर मागू लागली की त्याच शंभर ओहमवर दीड व्होल्ट अडकून पडतात, चिपला व्होल्टेज कमी पडतं आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मीटर लावला की प्रकल्प चालत नाही, काढला की चालतो, आणि पोरगं चक्रावतं. युक्ती सोपी आहे. मीटरच्या दोन टोकांमध्ये एक वायर आडवी जोडून ठेवायची, चिप सुरू होऊन झोपू द्यायची आणि मग ती वायर काढायची. चिप पुन्हा उठेपर्यंत आठ सेकंद असतात, आकडा वाचायला तेवढे बास. हवं तर तपासणीपुरता वॉचडॉग बंद ठेवून चिपला कायमचं झोपवा आणि निवांत वाचा. जास्त करंटची चाचणी आधी, कमीची नंतर, नाहीतर मीटरचा फ्यूज जातो.

पॉवर बँक लावून हा प्रयोग करणाऱ्याला वेगळाच अनुभव येतो. यंत्र झोपलं की काही वेळाने पॉवर बँक स्वतःच बंद पडते. तिला वाटतं, फोन भरून झाला. बऱ्याच पॉवर बँका ठरावीक मर्यादेच्या खालचा खर्च 'कोणी जोडलेलंच नाही' असा धरतात. जितका काटकसरी प्रकल्प, तितका तिला निरुपयोगी. आणि १८६५० मापाचे लिथियम सेल घेताना छापलेल्या आकड्यावर जाऊ नका. त्या आकाराच्या चांगल्या सेलमध्ये २००० ते ३५०० मिलिअँपिअर-अवर असतात. ९८०० छापलेला सेल खोटा आहे, चर्चाच नको.

या भागात बिबट्याची चाहूल देणारा प्रकल्पही मुलं करतात, उसाचं रान असलेल्या गावात ते ओघानेच आलं. तिथे टायमरच्या डुलक्यांचा उपयोग नाही, कारण बिबट्या दर पंधरा मिनिटांनी येत नाही. हालचाल टिपणारा पीआयआर सेन्सर सतत जागा ठेवावा लागतो. एचसी-एसआर ५०१ हा सर्रास मिळणारा सेन्सर पन्नास-साठ मायक्रोअँपिअरवर पहारा देतो. त्याची वायर चिपच्या इंटरप्ट पिनला जोडली की चिप वॉचडॉगशिवाय पार झोपू शकते आणि सेन्सरने हाक मारली तरच उठते. जागं कोणाला ठेवायचं याची निवड इथे स्वच्छ दिसते: सगळ्यात कमी खाणाऱ्याला. फक्त हा सेन्सर गाय, कुत्रा, तापलेला वारा सगळ्यांना सारखाच ओरडतो. शिकण्यासाठी प्रकल्प छान आहे. त्याच्या भरवशावर रात्री पाणी भरायला कोणी एकट्याने जाऊ नये.

निरोप दूर पाठवायचा म्हटलं की खर्चाची जात बदलते. ईएसपी ८२६६ ही वायफायची चिप गाढ झोपेत वीस मायक्रोअँपिअरवर असते, पण वायफायला जोडली जाताना सरासरी सत्तर-ऐंशी मिलिअँपिअर घेते आणि मध्येच तीनशेच्या वर उसळी मारते. त्यामुळे तिथे किती वेळा बोलायचं, यावर बॅटरी ठरते. तासातून चार वेळा ओल कळवण्यापेक्षा ओल बदलली तरच कळवावं. जीएसएमचं सिम ८००एल मॉड्यूल तर निरोप पाठवताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत मागतं, पेन्सिल सेल तिथे माना टाकतात. शिवाय ते टू-जीवर चालतं, जिओचं सिम त्यात घालून उपयोग नाही.

आणि इथे आपल्या शेजाऱ्याचाही विचार करायला हवा. खोडदची जीएमआरटी दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, आकाशातून येणारे अतिक्षीण रेडिओ तरंग ऐकत असते. डॉ. गोविंद स्वरूप यांनी ती उभारताना या भागाची निवड केली, त्यामागे इथली रेडिओ शांतता हे एक मोठं कारण होतं. २५० ते ५०० मेगाहर्ट्झ हा तिचा एक महत्त्वाचा पट्टा. बाजारातलं स्वस्त ४३३ मेगाहर्ट्झचं प्रक्षेपक मॉड्यूल बरोबर त्या पट्ट्यात बोलतं. भारतात कमी शक्तीच्या यंत्रांसाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना खुला आहे आणि लोरा जातीची मॉड्यूल्स त्यात चालतात. झोपेत ती एक मायक्रोअँपिअरही घेत नाहीत. कमी वेळा आणि थोडक्यात बोलणारं यंत्र बॅटरीलाही परवडतं आणि खोडदलाही.

सोल्डरिंग, मोजमाप हे हाताने करून शिकण्याची परंपरा या परिसराला नवी नाही. जवळच्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला तो याच विचाराने, आणि २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब तिथे उभी राहिली. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला भरणाऱ्या प्रदर्शनात आसपासच्या शाळांचे प्रकल्प रांगेने मांडलेले असतात. तक्त्यांवर उद्देश, साहित्य, कृती, उपयोग सगळं सुबक अक्षरात असतं. शिक्षकांना आणि परीक्षकांना एवढीच विनंती, की बॅटरीवर चालणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाच्या तक्त्यावर आणखी दोन आकडे मागा, मुलांनी स्वतः मीटर लावून मोजलेले: जागेपणी किती मिलिअँपिअर आणि झोपेत किती मायक्रोअँपिअर.